लिनक्सवर ग्राफिक्स कार्डं बदलून पाहताना

एखादं ग्राफिक्स कार्ड लिनक्सवर ‘चालतं’ असं कोणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कुठल्या आवृत्तीवर? तेच कार्ड, तेच मशीन. एका कर्नलवर डेस्कटॉप रखडत उघडतो आणि नव्या कर्नलवर काहीही न करता सगळं सुरळीत सुरू होतं, हे मी माझ्या टेबलावर पाहिलं आहे. त्यामुळे किती फ्रेम मिळतात हे बघण्याआधी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, कुठून येतो, तो कोण सांभाळतं आणि किती वर्षं सांभाळलं जाणार, हे विचारायला हवं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

निमित्त साधंच होतं. माझं काम ब्लेंडरमध्ये थ्रीडी दृश्यं रेंडर करण्याचं, जोडीला थोडं व्हिडिओ एडिटिंग. हातातलं कार्ड अपुरं पडायला लागलं. विंडोजवर केलेल्या चाचण्यांचे तक्ते हवे तेवढे मिळतात, पण त्यावरून लिनक्सवर पाच-सात वर्षांनी त्या कार्डाची काय अवस्था असेल याचा अंदाज बांधता येत नाही. तेव्हा ठरवलं की स्वतःच बघू. ओळखीच्यांकडची, काही पडून असलेली, काही वापरातली कार्डं थोड्या थोड्या दिवसांसाठी मागून घेतली. एएमडीची रेडिऑन एचडी ७८५० आणि आरएक्स ६६००, एनव्हिडियाची जीटीएक्स ६६० आणि आरटीएक्स ३०६०, आणि इंटेलचं आर्क ए३८०. मशीन एकच ठेवलं. डिस्क दोन: एकीवर डेबियन १२, म्हणजे ६.१ चा कर्नल. दुसरीवर आर्च, म्हणजे सगळंच ताजं. एक मुद्दाम मागे राहणारा आणि एक मुद्दाम पुढे धावणारा डिस्ट्रो (लिनक्सची तयार बांधणी), असा हिशोब होता.

पुढचं नीट कळावं म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. लिनक्सवरचा ग्राफिक्स ड्रायव्हर दोन तुकड्यांत असतो. एक तुकडा कर्नलमध्ये: कार्ड ओळखणं, मेमरी वाटून देणं, मॉनिटरचं रिझोल्यूशन लावणं ही त्याची कामं. दुसरा तुकडा प्रोग्रामांच्या बाजूला: ओपनजीएल किंवा व्हल्कन या ग्राफिक्सच्या मानकांत आलेल्या सूचना कार्डाला समजतील अशा भाषेत उतरवून देणारा. खुल्या, म्हणजे ज्यांचा स्रोत कोणालाही पाहता-बदलता येतो अशा, ड्रायव्हरांच्या बाबतीत हा दुसरा तुकडा मेसा या प्रकल्पातून येतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये तो सुरू केला आणि आज एएमडी, इंटेल दोघांचाही भार त्याच्यावर आहे. या दोन तुकड्यांशिवाय कार्डावरच चढवायचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, असतं. ते सगळ्याच कंपन्यांचं बंदिस्त, तयार फाइलींच्या रूपात येतं. ‘पूर्ण खुला ड्रायव्हर’ असं म्हणताना ही तिसरी गोष्ट बरेचदा विसरली जाते.

सुरुवात आरएक्स ६६०० पासून केली. कार्ड बसवलं, मशीन चालू केलं, डेस्कटॉप आला. दोन्ही डिस्कवर तेच. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -के’ चालवलं की त्या कार्डापुढे एएमडीजीपीयू हे मॉड्यूल दिसतं, ते कर्नलचाच भाग असतं. वेगळं काही उतरवायचं नाही, कुठल्या संकेतस्थळावर जायचं नाही. हे आज सहज वाटतं, पण त्यामागे बराच इतिहास आहे. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कार्डांची कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये खुल्या ड्रायव्हरसाठी कागदपत्रं देण्याचं धोरण जाहीर केलं. तेव्हा कंपनीचा स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर एफजीएलआरएक्स नावाने चालायचा. त्यानंतर २०१५ मध्ये, ४.२ च्या कर्नलमध्ये एएमडीजीपीयू दाखल झाला. व्हल्कनसाठीचा आरएडीव्ही तर कंपनीने लिहिलेलाच नाही. डेव्ह एअरली आणि बास नियुवेनहाउझेन या दोघांनी तो उभा केला, २०१६ मध्ये तो मेसात आला, आणि पुढे व्हॉल्व्ह या गेम कंपनीने आपल्या माणसांकरवी त्यात एसीओ नावाचा शेडर कंपायलर (कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम त्याच्या भाषेत उतरवणारा) घातला. कंपनीचा स्वतःचा एएमडीव्हीएलके २०२५ मध्ये बंद झाला आणि आता कंपनीही आरएडीव्हीलाच पाठिंबा देते. एखाद्या कार्डाचा सर्वांत चांगला ड्रायव्हर त्या कार्डाच्या कंपनीबाहेरच्या माणसांनी घडवला, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची घटना वाटते.

आर्क ए३८० ची तऱ्हा वेगळी. आर्चवर ते पहिल्या झटक्यात चाललं. डेबियनच्या ६.१ वर मात्र इंटेलच्या आय९१५ या मॉड्यूलला हे कार्ड ठाऊक असूनही ते आपणहून हात लावत नाही, कारण त्या आवृत्तीपर्यंत या कार्डांचा आधार प्रायोगिक मानला होता. बूटच्या ओळीत, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलला मिळणाऱ्या सूचनांत, ‘फोर्स प्रोब’ हा पर्याय आणि पुढे कार्डाचा ओळखक्रमांक, ए३८० साठी ५६ए५, असा लिहिला की मॉड्यूल ते हाती घेतं. ६.२ पासून ही गरज संपली. मी आधी तो पर्याय लावून पाहिला आणि नंतर बॅकपोर्ट्समधला (स्थिर डेबियनसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या संग्रहातला) नवा कर्नल टाकला. रोजच्या वापराला दुसरा मार्गच बरा, कारण नव्या कर्नलबरोबर बाकीच्या दुरुस्त्याही येतात. या कार्डांसाठी बायोसमध्ये जाऊन रिसाइझेबल बार चालू करणं मात्र चुकवू नये. प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एका दमात दिसावी यासाठीची ती सोय आहे आणि आर्कची रचनाच ती धरून केली आहे. बंद ठेवलीत तर खेळांमधला वेग चांगलाच खाली येतो. पुढे आर्कच्या बॅटलमेज या नंतरच्या पिढीपासून इंटेलने एक्सई हा नवा कर्नल ड्रायव्हर घेतला. तो ६.८ मध्ये आला आणि ६.१२ पासून त्या कार्डांसाठी आपोआप लागू होतो. म्हणजे त्या पिढीतलं बी५८० घ्यायचं असेल तर कर्नल ६.१२ किंवा त्यापुढचा हवा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

आता एक प्रसंग, कार्डाचं नाव न घेता, कारण असं कुठल्याही नव्या कार्डाच्या बाबतीत घडतं. डेस्कटॉप आला. चिन्हं दिसत होती, माउस हलत होता, पण खिडकी ओढली की ती अडखळत यायची आणि प्रोसेसरचा पंखा जोरात फिरायचा. रिझोल्यूशन बदलायची यादी उघडली तर तीत एकच नोंद. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ चालवलं. ओपनजीएल रेंडररच्या ओळीत कार्डाच्या नावाऐवजी एलएलव्हीएमपाइप असं लिहिलेलं. ही ओळ वाचता आली की निम्मं निदान झालं. एलएलव्हीएमपाइप म्हणजे मेसाचा सॉफ्टवेअरमधला रेंडरर. कार्ड बाजूला बसलंय आणि पडद्यावरचा प्रत्येक ठिपका प्रोसेसर रंगवतोय, असा त्याचा अर्थ. मग ‘डीमेसेज’ मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, ड्रायव्हरच्या ओळी शोधल्या. कर्नलने कार्ड ओळखलं होतं, मॉड्यूल चढलं होतं, पण एक फर्मवेअर फाइल न सापडल्यामुळे ते तिथेच थांबलं होतं. फाइलचं नाव त्याच ओळीत होतं. कर्नल बॅकपोर्ट्समधून नवा आणला, पण फर्मवेअरचं पॅकेज जुनंच राहिलं, तर हे असं होतं. पॅकेज नवं केलं, आरंभीची रॅमडिस्क (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) पुन्हा बनवली, रीबूट केलं, आणि रेंडररच्या ओळीत कार्डाचं नाव आलं. तेव्हापासून मी कर्नल, मेसा आणि फर्मवेअर या तिन्ही आवृत्त्या एकत्र बघतो. यांतलं एक जरी मागे राहिलं तरी उरलेली दोन लंगडी पडतात.

एनव्हिडियाकडे वळताना कामाची पद्धतच बदलते. ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा, कंपनीकडून येणारा. डेबियनवर ‘नॉन-फ्री’ हा बंदिस्त सॉफ्टवेअरचा विभाग चालू करायचा, कर्नलचे हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली) बसवायचे, मग ड्रायव्हरचं पॅकेज. डीकेएमएस ही व्यवस्था दर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तुमच्याच मशीनवर कंपाइल करते. हेडर नसतील तर मॉड्यूल बनत नाही, म्हणून कर्नलबरोबर हेडरही आपोआप नवे होतील असं मेटापॅकेज लावून ठेवणं शहाणपणाचं. माझ्या मशीनवर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर बूटच्या वेळी रोखणारी सोय, चालू असल्यामुळे आणखी एक टप्पा होता. बाहेरून बनवलेल्या मॉड्यूलवर सही लागते, आणि ती सही ओळखणारी किल्ली मशीनच्या फर्मवेअरमध्ये नोंदवावी लागते. ‘मोकयूटिल’ ने किल्ली पुढे केली, एकदाच वापरायचा पासवर्ड दिला, रीबूट केलं. बूटच्या आधी निळा पडदा येतो: कुठलीही कळ दाबा, आणि दहापासून उलटी मोजणी. त्या दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर मशीन तसंच पुढे जातं आणि किल्ली नोंदली जात नाही. कळ दाबून ‘एनरोल मोक’ निवडलं, होकार दिला, पासवर्ड टाकला. इथे कीबोर्डची मांडणी अमेरिकन धरलेली असते, म्हणून पासवर्ड साधी अक्षरं आणि अंक यांचाच ठेवावा. पुन्हा रीबूट, आणि ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ने आरटीएक्स ३०६० चं तापमान, मेमरी, ड्रायव्हरची आवृत्ती असं सगळं पुढ्यात मांडलं. हे सगळं दरवेळी करावं लागत नाही. किल्ली एकदा नोंदली की पुढची मॉड्यूलं त्याच किल्लीने सही होतात.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरच्या ५१५ या मालिकेपासून कर्नल मॉड्यूलांचा स्रोत खुला केला, ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. ५६० पासून त्या कार्डांना तीच मॉड्यूलं आपोआप दिली जातात, आणि ब्लॅकवेल पिढीला तर त्यांच्याशिवाय पर्यायच नाही. ही बातमी आली तेव्हा अनेकांनी ‘एनव्हिडियाचा ड्रायव्हर खुला झाला’ असं म्हटलं. त्यात तथ्य अर्धंच आहे. खुला झाला तो कर्नलकडचा तुकडा. ओपनजीएल, व्हल्कन आणि कूडा (कार्डाकडून गणनेची कामं करून घ्यायची एनव्हिडियाची व्यवस्था) यांचं सगळं काम करणारा दुसरा तुकडा बंदिस्तच आहे, आणि कर्नलकडचा तुकडाही अजून मूळ कर्नलच्या बाहेरच राहतो. पण त्याने एक मोठं दार उघडलं. ट्युरिंगपासूनच्या कार्डांवर जीएसपी नावाचा छोटा प्रोसेसर असतो आणि कार्ड चालवण्याचं बरंचसं काम त्याच्यावर चालणारं फर्मवेअर करतं. ६.७ च्या कर्नलपासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, नूवो हा समुदायाचा ड्रायव्हर त्याच फर्मवेअरशी बोलू शकतो. त्याआधी जीटीएक्स ९०० मालिकेपासून पुढच्या कार्डांवर नूवोचे हात बांधलेले होते. कार्डाचा वेग वाढवायला सही असलेलं फर्मवेअर लागायचं, ते नूवोकडे नव्हतं, आणि कार्ड बूटच्या वेळच्या मंद घड्याळावरच चालत राहायचं. मी आरटीएक्स ३०६० वर नूवो आणि मेसातला एनव्हीके (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा खुला व्हल्कन ड्रायव्हर) ही जोडी लावून पाहिली. डेस्कटॉप व्यवस्थित चालला, व्हल्कनचे प्रोग्राम चालले, वेग कंपनीच्या ड्रायव्हरपेक्षा कमी. कूडा अर्थातच नाही. तरी हे कार्ड बाहेरून काहीही न आणता या जोडीवर इतपत चालतं, हे पाहून मला मनापासून आनंद झाला. रस्टमध्ये लिहिला जाणारा नोव्हा हा नूवोचा वारसदारही ६.१५ पासून कर्नलमध्ये आकार घेतो आहे.

खरी तुलना घडली ती दोन जुन्या कार्डांमध्ये. रेडिऑन एचडी ७८५० आणि जीटीएक्स ६६०, दोन्ही २०१२ ची, आपापल्या काळात एकमेकांच्या जवळपासची. नव्या कार्डांची परीक्षा सगळेच घेतात. ड्रायव्हरचा आधार म्हणजे काय ते मला या दोघांनी शिकवलं.

७८५० ही एएमडीच्या जीसीएन मांडणीची पहिली पिढी. आर्चवर ते बसवलं तेव्हा कर्नलने त्याला रेडिऑन हा जुना ड्रायव्हर दिला. ओपनजीएल ४.६ मिळालं, डेस्कटॉप छान चालला, पण व्हल्कन नाही, कारण आरएडीव्हीला खाली एएमडीजीपीयू लागतो. बूटच्या ओळीत दोन पर्याय लिहिले: रेडिऑनने या पिढीला हात लावू नये, एएमडीजीपीयूने लावावा. रीबूटनंतर ‘व्हल्कनइन्फो’ ने त्या कार्डावर व्हल्कन १.३ दाखवलं. २०१२ चं कार्ड, आणि व्हल्कन १.३ हे मानक आलं २०२२ मध्ये! विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनच्या पोटात असलेला डीएक्सव्हीके २.० पासून व्हल्कन १.३ मागतो, आणि ती अट हे कार्ड पुरी करतं. ६.१९ च्या कर्नलपासून तर हे दोन पर्यायही लिहावे लागत नाहीत. व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या प्रोग्रामरने या जुन्या पिढ्यांचं उरलेलं काम पुरं केलं आणि एएमडीजीपीयू आता त्यांना आपोआप लागू होतो. कंपनीने हे कार्ड विकणं केव्हाच थांबवलं. पण ड्रायव्हर कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या मूळ स्रोतात, असल्यामुळे ज्याला गरज वाटली त्याला तिथे काम करता आलं.

जीटीएक्स ६६० केप्लर पिढीचं. त्याच्यासाठी कंपनीच्या ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०, तिचा आधार २०२४ मध्ये संपला. तिच्यात व्हल्कन १.२ पर्यंत मिळतं, म्हणजे डीएक्सव्हीकेची १.१० ही जुनी मालिकाच वापरावी लागते. वेलँड या पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या नव्या व्यवस्थेसाठी बहुतेक डेस्कटॉप जीबीएम ही पद्धत धरतात, ती कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये ४९५ पासून आली, म्हणून इथे एक्स११ या जुन्या व्यवस्थेवरच राहावं लागतं. डेबियनवर ४७० पॅकेजमधून विनासायास बसला. आर्चवरच्या ताज्या कर्नलसाठी स्वयंसेवकांनी केलेले पॅच लागतात, आणि ते करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. कर्नलच्या आतल्या रचना सतत बदलतात; झाडातला ड्रायव्हर त्याबरोबर बदलला जातो, कारण रचना बदलणाऱ्यानेच तो दुरुस्त करायचा असतो. झाडाबाहेरच्या ड्रायव्हरला ते कोणीतरी मागाहून शिवून द्यावं लागतं. केप्लरवर नूवोचा पर्याय मात्र चांगला आहे. या पिढीला सहीच्या फर्मवेअरची अट नाही, रूट (प्रशासक) होऊन कर्नलच्या डीबगएफएसमधल्या एका फाइलीत वेगाची पातळी लिहिली की घड्याळ वर जातं. मी ते करून पाहिलं. रोजच्या डेस्कटॉपला ते पुरेसं आहे.

वेलँडवरही सगळी कार्डं पाहिली. एएमडी आणि इंटेलवर सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि ते चांगलंच आहे. एनव्हिडियाच्या बाबतीत पूर्वी एक्सवेलँडमधल्या (म्हणजे वेलँडवर चालणाऱ्या एक्स११ च्या प्रोग्रामांच्या) खिडक्या लुकलुकतात ही तक्रार सर्वत्र ऐकू यायची. कारण मुळातलं होतं. कार्डाचं चित्र काढून झालं की नाही हे लिनक्समध्ये बफरला आतून जोडलेल्या खुणेने कळायचं, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर ती खूण पाळत नव्हता. २०२४ मध्ये ही खूण उघडपणे द्यायचा प्रोटोकॉल ठरला. पण तो उपयोगी पडायला एक्सवेलँड २४.१, डेस्कटॉप प्लाझ्मा ६.१ किंवा नोम ४६.१, आणि ड्रायव्हर ५५५ हे सगळं एकत्र जमावं लागलं. आर्चवर हे सगळं होतं, म्हणून तिथे आरटीएक्स ३०६० वर वेलँड शांतपणे चाललं. डेबियन १२ वर मी त्या कार्डासाठी एक्स११ च ठेवलं. एनव्हिडिया आणि वेलँड यांचं जमतं का, असा प्रश्न आला की म्हणूनच नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही.

व्हिडिओचं थोडक्यात. कार्ड कुठले कोडेक (व्हिडिओ आवळून साठवायच्या पद्धती) स्वतः उलगडतं, कुठले बनवतं ते ‘व्हीएइन्फो’ सांगतं. ए३८० एव्ही१ उलगडतं आणि बनवतंही, एवढ्या छोट्या कार्डाला हे येतं याचं कौतुक करावं तेवढं थोडं. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ३०६० एव्ही१ उलगडतात, बनवत नाहीत. एनव्हिडियाची वाट वेगळी, एनव्हीडेक आणि एनव्हीएन्क. ब्राउझरला व्हीए-एपीआय (व्हिडिओचं काम कार्डाकडे सोपवायचा लिनक्सवरचा नेहमीचा मार्ग) हवा असेल तर समुदायाचा एक वेगळा जोड-ड्रायव्हर लागतो. फेडोरा वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की २०२२ पासून तिथल्या मेसातून एच.२६४ आणि एच.२६५ पेटंटच्या कारणाने काढले आहेत, ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या संग्रहातून घ्यावे लागतात. यात कार्डाचा दोष नसतो, पण अनुभव घेणाऱ्याला तसं वाटू शकतं. आणि फोरके टीव्ही १२० हर्ट्झवर जोडायचा असेल तर हेही माहीत असावं: एएमडीने खुल्या ड्रायव्हरमध्ये एचडीएमआय २.१ आणायचा प्रस्ताव ठेवला होता, तो एचडीएमआय फोरमने नाकारल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आलं. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असला तर ही अडचण उद्भवत नाही. माझ्याकडे तोच आहे.

रेंडरिंगमध्ये मात्र चित्र पालटलं. कूडा २००७ पासून आहे, एएमडीची तशीच व्यवस्था आरओसीएम २०१६ पासून, आणि हे अंतर जाणवतं. आरटीएक्स ३०६० वर ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स हा एनव्हिडियाचा पर्याय निवडायचा आणि रेंडर लावायचं, बस्स. किरणांचा माग काढणारे वेगळे भाग कार्डावर असल्यामुळे वेगही इतर सगळ्या कार्डांच्या कितीतरी पुढे. आरएक्स ६६०० वर एएमडीच्या एचआयपीची लायब्ररी वेगळी बसवल्यावर ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडररने कार्ड ओळखलं आणि रेंडर बिनचूक झालं. पण आरओसीएमच्या अधिकृत यादीत हे कार्ड नाही. पायटॉर्चसारखं मशीन लर्निंगचं काही चालवायचं तर एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून ‘मी जीएफएक्स१०३० आहे’ असं दुसऱ्याच चिपचं नाव त्याला सांगायला लावतात, प्रत्यक्षात ते जीएफएक्स१०३२. ते चालतं, पण ज्यावर पोट अवलंबून आहे असं काम मी त्याच्यावर टाकणार नाही. इथे कंपनीने मोठी कार्डं सोडून सामान्य माणसाच्या कार्डांकडे अधिक लक्ष द्यायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

आता या सगळ्या खटाटोपातला मला सर्वांत भावलेला भाग. खुल्या ड्रायव्हरच्या एका कार्डावर, कर्नल नवा केल्यावर एक बिघाड दिसला: मशीन झोपेतून उठवलं की दुसरा मॉनिटर काळाच राहायचा. आधीच्या कर्नलवर तो नीट उठायचा. अशा वेळी गिट या स्रोतातले बदल नोंदणाऱ्या साधनाचं बायसेक्ट कामाला येतं. दोन कर्नल आवृत्त्यांमध्ये साधारण १३ ते १५ हजार बदल असतात. दर खेपेला मधोमधचा बदल घ्यायचा, कर्नल बनवायचा, तपासायचा आणि ‘चांगला’ की ‘वाईट’ ते गिटला सांगायचं. दरवेळी निम्मी शक्यता गळून पडते, म्हणजे १४ पायऱ्यांत एकाच बदलावर बोट ठेवता येतं. शोध फक्त डीआरएमच्या, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या, फोल्डरपुरता ठेवला तर पायऱ्या आणखी कमी. कंपाइल, रीबूट, झोपवणं, उठवणं, दुसऱ्या मॉनिटरकडे बघणं, असं करत शेवटी डिस्प्लेपोर्टची जोडणी पुन्हा बांधण्याच्या क्रमातला एक लहानसा बदल हाती लागला. तो उलटवून पाहिला, मॉनिटर उठला. फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर नोंद केली. ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांनी डिस्प्लेचा तपशीलवार लॉग मागितला, मग एक पॅच पाठवला. मी तो लावून तपासला, कळवलं, आणि पुढे तो स्थिर कर्नलमध्ये आला. मी प्रोग्रामर नाही. सी भाषा मला वाचता येते एवढंच. तरीही बिघाडाच्या मुळापर्यंत मला जाता आलं, कारण वाट मोकळी होती. बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत बग-रिपोर्टची स्क्रिप्ट चालवून तिने बांधलेलं लॉगचं गाठोडं कंपनीकडे पाठवायचं असतं. तिथे जाणकार माणसं बसलेली आहेत, ती दुरुस्त्याही करतात, पण आपला सहभाग गाठोडं पाठवण्यापाशी संपतो.

एवढं पाहून झाल्यावर माझ्या कामाच्या मशीनमध्ये मी दोन कार्डं ठेवली. मॉनिटर आरएक्स ६६०० ला जोडलेले, म्हणजे डेस्कटॉप, वेलँड, झोप-जाग हे सगळं कर्नलमधल्या ड्रायव्हरवर. दुसऱ्या खाचेत आरटीएक्स ३०६०, मॉनिटर न जोडलेलं, फक्त ब्लेंडरसाठी. कर्नल नवा झाला आणि त्या दिवशी बाहेरचं मॉड्यूल बनलं नाही तरी पडदा येतोच, मग सवडीने मॉड्यूलकडे बघता येतं. वीजपुरवठा दोन्ही कार्डांना पुरेल असा हवा आणि मदरबोर्डवर दुसरी खाच हवी, एवढीच पूर्वअट. ज्यांना रेंडरिंग किंवा मशीन लर्निंग करायचं नाही, त्यांना दुसऱ्या कार्डाची गरज नाही. एएमडी किंवा इंटेल घ्या, घेण्याआधी आपल्या डिस्ट्रोचा कर्नल, मेसा आणि फर्मवेअर त्या कार्डाइतके नवे आहेत का ते पाहा.

ज्या मित्राने मला जीटीएक्स ६६० दिलं, तो स्वतः जीटीएक्स १०६० वापरतो आणि त्याचं काय, असं त्याने विचारलं. हे पास्कल पिढीचं कार्ड अडनिड्या जागी आहे. कंपनीच्या खुल्या मॉड्यूलांना ते चालत नाही, नूवोला त्याचा वेग वाढवता येत नाही, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टा या पिढ्यांसाठी ५८० ही शेवटची मालिका असल्याचं एनव्हिडियाने जाहीर केलं आहे. त्याचं मशीन रोलिंग, म्हणजे आर्चसारख्या सतत नव्या होत राहणाऱ्या, डिस्ट्रोवर होतं. आम्ही ते डेबियन १३ वर नेलं, तिथे दीर्घकाळ सांभाळला जाणारा ६.१२ चा कर्नल आणि ५५० चा ड्रायव्हर जोडीने येतात, आणि दोन्ही त्या कार्डाला ओळखतात. पुढच्या डेबियनची वेळ आली की ५८० तिथे पॅकेजमध्ये आहे का ते आधी बघायचं आणि मगच मशीन हलवायचं, असं ठरलं आहे.